किती उशा घेता?

"रात्री झोपताना किती उशा घेता?" साताऱ्याच्या डॉक्टरांनी आईला विचारलं.

"उशी मी घेतच न्हाय," आई म्हणाली.

त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं, पाठीला चार ठिकाणी नळी लावली, घोट्याजवळ अंगठा दाबून पाहिला आणि गोळ्या त्याच ठेवल्या. तीन महिन्यांनी दाखवायला या. बाहेर बाकावर माणसं दाटीनं बसलेली, आमचा नंबर सदतिसावा होता. डॉक्टरांचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त पुढे ढकलायची ताकद, कमी झालेल्या माणसाला आडवं झालं की धाप लागते. पायांकडे उतरलेलं रक्त छातीकडे परततं, थकलेल्या हृदयाला ते उपसता येत नाही आणि फुप्फुसात पाणी साचू लागतं. म्हणून माणूस डोक्याखाली आधी एक उशी घेतो, मग दोन, मग तीन. उशांच्या संख्येवरून हृदयाची तब्येत कळते, हे डॉक्टरांच्या पुस्तकातलं जुनं माप आहे.

आई खोटं बोलली नव्हती. तिनं जन्मात कधी उशी घेतलेली नाही. पण त्या दिवसांत ती सोप्यात, भिंतीला लावलेल्या ज्वारीच्या पोत्याला टेकून, पाठीशी दोन वाकळा घडी घालून बसल्या बसल्या झोपत होती. मधल्या घरात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, झोप मोडू नये म्हणून ती आपली आपण सोप्यात आली होती. पोतं आणि वाकळ या काही उशा नव्हेत. तिला विचारलं गेलं उशीबद्दल, तिनं उत्तर दिलं उशीबद्दल. मी शेजारच्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसले होते, आणि मलाही ठाऊक नव्हतं. चार महिन्यांनी मध्यरात्री दादाचा फोन आला, आईला ॲडमिट केलंय, छातीत पाणी झालंय. दुसऱ्या दिवशी वॉर्डात वहिनी बोलता बोलता म्हणाली, "अहो ताई, त्या कवाधरनं पोत्याला टेकूनच झोपत्यात." तेव्हा मला ते पोतं कळलं.

आमचं गाव खटाव तालुक्यात, पुसेगावापासून तीन किलोमीटरवर. आई आता सहासष्ट वर्षांची आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात ज्वारी खुरपताना तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत कळ आली, जबडा दुखायला लागला, अंगाला दरदरून घाम फुटला. छातीत दुखलं नाही, म्हणून कुणाच्या मनात हृदय आलं नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो, पाठ, जबडा, मळमळ, थकवा अशी वाट काढत, आणि म्हणून तो पित्तात जमा होतो. दोन दिवसांनी साताऱ्यात कार्डियोग्राम निघाला तोवर हृदयाचा मोठा तुकडा कामातून गेला होता. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्यानं सांगितलं, पंपिंग तीस टक्के. म्हणजे दर ठोक्याला हृदय आत भरलेल्या रक्तापैकी तीसच टक्के बाहेर ढकलतं. चांगल्या हृदयाचं साधारण पंचावन्नच्या वर असतं.

अँजिओप्लास्टी केशरी रेशनकार्डावर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. २०१२ साली दुसऱ्या नावानं सुरू झालेली ही योजना नसती, तर आमचं दीड एकर गेलं असतं हे मी लिहून ठेवते. दवाखान्यात शंभराची नोट मोडावी लागली नाही. पण योजना दवाखान्याच्या दारापर्यंत असते. घरी आल्यावर रोज सकाळी तळहातावर जमणारा गोळ्यांचा ढीग आमचा आम्ही आणायचा असतो. रक्त पातळ ठेवायची, ठोके आवरायची, बीपीची, कोलेस्टेरॉलची, पाणी काढायची. शिवाय एक गोळी मधुमेहाची म्हणून ओळखली जाणारी. ती पाहून अण्णा मेडिकलवाल्याशी भांडून आले होते, हिला शुगर नाही आणि शुगरची गोळी का देता म्हणून. त्यांची चूक नव्हती. डापाग्लिफ्लोझिन हे औषध मधुमेहासाठीच आलं, आणि २०१९ साली मोठ्या चाचणीत दिसलं की मधुमेह नसलेल्या हृदयाच्या रुग्णांनाही त्यानं गुण येतो. पण ही दोन वाक्यं अण्णांना कुणी सांगितली नाहीत. आई महिनाभर ती गोळी डब्यात तशीच ठेवत राहिली.

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट हळूहळू दिसत गेली. आजारानं आईकडून काही हिसकावून घेतलं नाही. तिनंच एकेक गोष्ट सोडून दिली, आणि प्रत्येक वेळी असं एक कारण दिलं की आम्हाला ते पटावं.

रांगोळी आधी गेली. उंबऱ्यासमोर रोज ठिपक्यांची रांगोळी घालणारी माझी आई एकदम म्हणायला लागली, आता अंगणात फरशी केलीय, फरशीवर काय रांगोळी उठून दिसत नाही. आम्हाला खरं वाटलं. पुढे कितीतरी दिवसांनी मी वाचलं की पुढं वाकलं की अर्ध्या मिनिटाच्या आत लागणारा दम हे हृदय थकल्याचं एक ठळक लक्षण आहे. चप्पल घालताना, बुटाची नाडी बांधताना तो लागतो, असं तिथं लिहिलं होतं. डॉक्टरांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं ते २०१४ साली, म्हणजे अगदी अलीकडे. मी ते वाचत होते आणि डोळ्यासमोर आमचं रांगोळी नसलेलं अंगण होतं. माझी आई बूट घालत नाही. ती रांगोळी घालायची, केर काढायची, चुलीत फुंकर मारायची, खाली बसून भाकरी थापायची. तिचं सगळं आयुष्यच वाकून करायच्या कामांचं.

मग हळदीकुंकू गेलं. "साडी नेसायचा कंटाळा येतो." मग शेताकडची फेरी गेली. "आता दादा बघतोय की." मग पुसेगावची यात्रा. डिसेंबरच्या थंडीत सेवागिरी महाराजांचा रथ निघतो, लोक त्याला नोटांच्या माळा बांधतात, रथ नोटांनी झाकून जातो. लहानपणापासून आई आम्हाला घेऊन चालत जायची. दहाची का होईना, नोट रथाला लागली पाहिजे. अटॅकनंतरच्या तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "लई गर्दी असती बया, ढकलाढकली करत्यात." गर्दी काय त्याच वर्षी व्हायला लागली होती?

या सोडून देण्यामुळे दवाखान्यातल्या प्रश्नांची उत्तरं कायम चांगली येत राहिली. हृदयरोग्याचं दैनंदिन आयुष्य मोजायची चार पायऱ्यांची एक पद्धत आहे, न्यूयॉर्क हार्ट असोसिएशननं १९२८ साली घालून दिलेली. पहिल्या पायरीवर काहीच त्रास नाही, दुसरीवर रोजच्या कामानं दम लागतो, तिसरीवर त्याहून कमी कामानं, चौथीवर बसल्या जागी. जगभर डॉक्टर आजही हीच वापरतात आणि सोपी असल्यामुळे ती टिकलीही आहे. पण "रोजचं काम करताना दम लागतो का?" या प्रश्नातलं रोजचं काम कुठलं? ज्या कामानं दम लागतो ते काम रोजच्यातून काढून टाकलं, की दम लागत नाही. आई दर वेळी खरं उत्तर देत होती, "न्हाय, बरी हाय." जिना चढता का, असंही विचारतात. आमच्या घराला जिना नाही.

पंपिंगच्या आकड्यानंही हे कळत नाही. तीस टक्के पंपिंगवर बाजारहाट करणारी माणसं मी ओपीडीत पाहिली आहेत आणि चाळीस टक्क्यांवर खाटेला खिळलेलीही. इकोचा रिपोर्ट हृदयाची गोष्ट सांगतो. बाईची सांगत नाही.

पाणी काढायच्या गोळीचं सविस्तर सांगायला हवं, कारण आईच्या आयुष्यात तिच्याइतकी उलथापालथ दुसऱ्या कशानं केलेली नाही. लॅसिक्स हे तिचं प्रसिद्ध नाव 'सहा तास टिकते' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून बेतलेलं आहे. सकाळी सातला घेतली की पहिले दोन-तीन तास दर पंधरा-वीस मिनिटांनी उठावं लागतं. साताऱ्याची एसटी सकाळी आठची. सव्वा तासाचा रस्ता. मध्ये गाडी थांबेल तिथे बाईमाणसाला जाण्यासारखी जागा असेल याची खात्री नाही. २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, आमच्या गावच्या बायका कुठे कुठे देवाला जाऊन आल्या, आई मात्र उंबरा ओलांडेना. दवाखान्याच्या दिवशी ती गोळीच घेत नसे. म्हणजे डॉक्टर तिला तपासत ते गोळी चुकवलेल्या दिवशी. लग्नाला जायचं, गोळी नाही. माहेरी जायचं, गोळी नाही. बाराव्याला जायचं, गोळी नाही. एका महिन्यात तीन-चार कार्यं निघाली की पाय सुजायचे, आणि आम्ही म्हणायचो प्रवास झेपत नाही तिला.

यावर उपाय एका वाक्याचा होता. मी धीर करून डॉक्टरांना विचारलं, प्रवासाच्या दिवशी गोळी दुपारी घेतली तर चालेल का? "चालेल की," ते म्हणाले, "घरी पोचल्यावर घ्या. फक्त चुकवू नका." एवढंच. तीन वर्षं माझ्या आईनं लग्न की श्वास यात निवड केली, आणि उत्तर एवढंच होतं. हे सांगायला हृदयरोगतज्ज्ञच हवा असंही नाही. शिकलेली एखादी नर्स बाहेरच्या खोलीत बसून दहा मिनिटं बोलली असती तरी झालं असतं. अशा नर्स असलेले विभाग बाहेरच्या देशांत आहेत, आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या थोड्या दवाखान्यांत आहेत. माझ्या मते तालुक्याच्या दवाखान्याला आणखी एक मशीन देण्याआधी अशी एक नर्स द्यावी. मशीन आईला विचारणार नाही की गोळी नेमकी कुठल्या दिवशी चुकते.

मिठाचं तसंच. "मीठ कमी करा" असं सांगितल्यावर वहिनीनं आमटीतलं मीठ कमी केलं. पण पापड, लोणचं, कुरडया, सांडगी मिरची, खारे शेंगदाणे हे आमच्याकडे मिठात मोजतच नाहीत. पापडात मीठ असतंच, वर पापडखारही असतो, आणि त्यातूनही सोडियमच पोटात जातं. मग एक मावशी सैंधव घेऊन आल्या, हे चालतं म्हणून. सैंधवही मीठच. त्यानंतर भाच्यानं पुण्याहून कमी सोडियमचं मीठ आणलं, आणि ते तर जास्त धोक्याचं निघालं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि आईच्या गोळ्यांत पोटॅशियम वाढवणारी एक गोळी आहे. प्रत्येकानं मायेपोटीच आणलं होतं. शेवटी आईनंच तोड काढली. लिंबू, कोकम, भाजलेल्या लसणाची चटणी, जिरं. "जिभंला कायतरी चमचमाट पायजे, मग मिठाचं ध्यान ऱ्हात न्हाय."

ज्या रात्री तिला ॲडमिट केलं, त्या रात्रीमागचं खरं कारण मात्र मीठ नव्हतं. तिचे गुडघे दुखत होते. एका औषधाच्या दुकानातून दादानं दुखण्याच्या गोळ्या आणल्या, चिठ्ठीशिवाय. आठवडाभर दोन वेळा घेतल्या. या साध्या दिसणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठपाणी धरून ठेवायला लावतात, आणि पंपिंग कमी असलेल्या माणसाला आठ दिवसांत दवाखान्यात पोचवू शकतात. आधीच पोत्याला टेकून झोपणाऱ्या आईला तेवढं निमित्त पुरलं. दादाला अजून त्या गोळ्यांचं नाव काढलं की बोलवत नाही. मी त्याला सांगते, तुला कुणी सांगितलं होतं? फाइलमध्ये सत्तेचाळीस कागद आहेत. 'ही गोळी घेऊ नका' असं लिहिलेला एकही नाही.

वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरनं घरी निघताना सांगितलं, रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा, लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट बघू नका, फोन करा. आम्ही गावात काटा शोधला. डेअरीत दुधाचा काटा होता, सोसायटीत धान्याचा, अंगणवाडीत बाळांचा. आईला उभं राहता येईल असा काटा मी पुण्याहून नेला. आता तो देवघराशेजारी असतो. अण्णा कॅलेंडरवर आकडा लिहितात, पूर्वी दुधाचा हिशोब लिहायचे त्याच चौकटीत.

तिरुवनंतपुरमला २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे आईसारखंच हृदय थकलेल्या, १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचं सरासरी वय एकसष्टच्या आसपास होतं, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. आईला अटॅक आला तेव्हा ती एकसष्टचीच होती. त्या नोंदीत बायका होत्या साधारण एकतीस टक्के. मी त्या आकड्यापाशी खूप वेळ थांबले. हा आजार बायकांना कमीच होत असेल कदाचित. पण माझ्या मनात आल्या त्या दुसऱ्याच बायका, दवाखान्याच्या दारापर्यंत न पोचलेल्या, पित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी परतलेल्या.

त्याच वाचनात मला मिनेसोटा विद्यापीठात १९८४ साली तयार झालेली एक प्रश्नावली भेटली. हार्ट फेल्युअर घेऊन जगताना गेल्या महिन्यात कशाकशात अडचण आली, असे एकवीस प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण एकशे पाच. जितके गुण जास्त तितकं जगणं अवघड. पायाची सूज, चालणं, झोप आहेच, पण घराबाहेर पडणं, मित्रमंडळींत मिसळणं, आवडीचं खाणं, औषधपाण्याचा खर्च, चिंता, उदासी हेही आहे. हृदयाच्या आजाराला माणसाची उदासी विचारावी असं कुणाला तरी वाटलं, याचंच मला भरून आलं. हार्ट फेल्युअरच्या पाचातल्या एका रुग्णाला तरी नैराश्य असतं, आणि आपल्याकडे त्याला 'आजारानं चिडचिडी झालीय' म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी आईसमोर वही घेऊन बसले. प्रश्न आमच्या भाषेत करून घेतले होते. जिन्याच्या जागी पाण्याची कळशी घातली, फिरायला जाण्याच्या जागी मारुतीच्या देवळापर्यंतची चाल, झोपेच्या प्रश्नात पोतं. नवराबायकोतल्या जवळिकीबद्दल एक प्रश्न आहे, तो मी वगळला. मला धीर झाला नाही. डॉक्टरांनाही होत नसावा, कारण इतक्या वर्षांत तो तिला किंवा अण्णांना कुणी विचारलेला नाही, आणि तो प्रश्न तिथे आहे म्हणजे तो त्रासही कुठेतरी आहेच.

आई आधी लाजत होती, मग बोलायला लागली. रांगोळीचं खरं कारण त्या दिवशी तिच्या तोंडून बाहेर आलं. भाकरीचंही. खर्चाच्या प्रश्नाला तिनं परड्याकडे बघितलं, तिथे अण्णा म्हशीला वैरण टाकत होते, आणि हळूच म्हणाली, "तीन लिही." मी विचारलं, आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं का?

"पाच," ती म्हणाली. "सहा असलं तर सहा लिही."

मी पेन खाली ठेवलं. काही वेळ आम्ही दोघी गप्प बसलो. मग तिनंच पेन उचलून माझ्या हातात दिलं, "म्होरचं इचार."

त्या वहीतून पुष्कळ निघालं. ओट्याशी उंच स्टूल आलं, आता ती त्यावर बसून भाकरी थापते. सकाळी देवळापर्यंत चालणं सुरू झालं, बोलता येईल इतक्याच वेगानं, मध्ये पारावर बसून. असा बेतानं केलेला व्यायाम थकलेल्या हृदयाच्या माणसालाही मानवतो, त्यानं दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात, हे पक्कं माहीत झालेलं आहे; फक्त तो शिकवणारी केंद्रं पुण्यामुंबईत आहेत. आम्ही सातारच्या डॉक्टरांना विचारून घरीच बेत बसवला. वही मी त्यांनाही दाखवली. ते पानं उलटत गेले, एका ठिकाणी थांबले आणि आईला म्हणाले, "मावशी, पोत्याचं मला सांगायचं होतं की." आई म्हणाली, "तुमी उशीचं इचारलं." त्यांनी मान हलवली आणि पाणी काढायच्या गोळीचा डोस बदलून दिला. यंदा डिसेंबरात दादानं तिला मोटरसायकलवर पुसेगावला नेलं, रस्त्यावरच्या एका पाहुण्याच्या ओट्यावर खुर्ची टाकली, गोळी दुपारी घेतली. रथ समोरून गेला तेव्हा तिची नोट दादा पळत जाऊन बांधून आला.

पण त्या दुपारचं राहिलं. वगळलेला सोडून वीस प्रश्न संपले, मी वही मिटायला लागले. आई म्हणाली, "ह्यात रातीचं न्हाई इचारलं."

"विचारलं की. झोप येते का ते."

"झोपंचं न्हवं. मध्यान्ह रातीला दम लागून जाग येती. तवा अंधारात कुणी नसतं. मरणाचं काय न्हाय वाटत मला. त्या अंधाराचं वाटतं."

कुठल्या रकान्यात लिहावं ते मला कळेना. मी शेवटच्या पानावर तसंच्या तसं उतरवलं. अण्णा परड्यातून आत आले होते आणि दाराशी उभे होते, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मधल्या घरातली आपली खाट उचलून सोप्यात आणली, ज्वारीच्या पोत्याशेजारी टाकली.

"दिवा असू द्यायचा का?" त्यांनी विचारलं.

"असू द्या," आई म्हणाली.